बादलीतलं नीलगिरीचं तेल
'आंघोळीच्या बादलीत चार-पाच थेंब टाकले की तेल आपोआप पातळ होतं' असं वर एका प्रतिसादात आलं आहे, ते पटलं नाही. नीलगिरी, टी ट्री, पुदिना, यातलं कुठलंच तेल पाण्यात विरघळत नाही. उजेडात बघा, पाण्यावर चकचकीत ठिपके तरंगताना दिसतील. तांब्याबरोबर तेच अंगावर येतात, म्हणजे कातडीला लागतं ते निखळ तेल. काखेत, जांघेत आग होते ती त्यानेच. लावायचंच तर छोट्या चमचाभर (5 मिली) खोबरेल तेलात 2 थेंब, म्हणजे साधारण 2 टक्के. चेहऱ्याला त्याच्या निम्मं. झोंबलं तर आधी गोडेतेल लावून पुसून घ्या, मग साबण. नुसत्या पाण्याने ते पसरतं.

एक गोष्ट इथे कुणीच लिहिली नाही आणि ती फार गरजेची आहे. लहान मुलाने या तेलाची बाटली तोंडाला लावली तर उलटी काढायला लावू नका. तेल श्वासनलिकेतून फुप्फुसात गेलं तर न्यूमोनिया होतो. चमचाभरानेही गुंगी किंवा झटके येऊ शकतात, कधी अर्ध्या तासात, कधी काही तासांनी. मूल खेळतंय म्हणून थांबू नका, बाटली सोबत घेऊन तडक हॉस्पिटल गाठा. कापराचंही तेच. दोन वर्षांखालच्या बाळाच्या छातीला, नाकाजवळ नीलगिरी आणि कापूर दोन्ही नकोच. आणि बाटली घेताना तोंडाशी थेंब-थेंब पाडणारं आतलं बूच आहे ना, ते बघून घ्या. उघड्या तोंडाच्या बाटलीतून एका घोटात बरंच तेल पोटात जातं.