पीआर कार्ड संपतंय आणि भारतात जावं लागतंय

नमस्कार मंडळी,
आईला पॅरालिसिसचा झटका आलाय, बाबा एकटेच आहेत, म्हणून मी पुढच्या आठवड्यात निघतेय आणि किती महिने राहावं लागेल काहीच सांगता येत नाही. माझं कॅनडाचं पीआर (कायमस्वरूपी रहिवासी) कार्ड मी तिकडे असतानाच संपणार. इथे ओळखीतले म्हणतात कार्ड संपलं की पीआर गेला, परत पहिल्यापासून अर्ज. खरंय का हे? झोप उडालीय. नक्की माहिती असेल त्यांनी प्लीज सांगा.

---

ताई, आधी आईकडे जा. कार्ड संपल्याने कॅनडाचा पीआर जात नाही, हे अगदी नक्की. कार्ड हा फक्त पुरावा. स्टेटस जातं ते सरकारने तसा रीतसर निर्णय दिला तर, किंवा तुम्ही स्वतःहून सोडलंत तर. म्हणून घाबरून पीआर सोडायच्या कुठल्याही फॉर्मवर सही करू नका.

खरा हिशोब दिवसांचा. 5 वर्षांत 730 दिवस कॅनडात हवेत, आणि लोक ही 5 वर्षं लँडिंगपासून, म्हणजे पीआर झाल्याच्या दिवसापासून धरून बसतात, पण तुम्हाला पीआर होऊन त्याहून जास्त झाली असतील तर ऑफिसर ज्या दिवशी तपासतो तिथून मागे मोजायची, म्हणजे तिकडे राहाल तसतसे इथले जुने दिवस गळत जातात. आज रात्रीच पासपोर्ट घेऊन बसा आणि शिक्के बघून सगळ्या तारखा लिहून काढा.

कार्ड संपायला 9 महिन्यांहून कमी उरले असतील तर निघायच्या आधी रिन्यूअल टाका. नवीन कार्ड कॅनडाबाहेरच्या पत्त्यावर पाठवत नाहीत, त्यामुळे ते हातात नसेल तर परत विमानात चढायला पीआर ट्रॅव्हल डॉक्युमेंट लागेल, ते तिकडूनच काढायचं.

आणि दिवस कमी पडलेच तरी मानवी कारणं मांडता येतात. डिस्चार्ज समरी, फिजिओच्या पावत्या, आईला बघायला दुसरं कुणी नाही असं डॉक्टरांचं पत्र, सगळं तारखेसकट जपून ठेवा, नंतर गोळा करताना फार हाल होतात.

---

काकांनी लिहिलंय त्यात एक भर. मिस्टर सिटिझन असतील आणि तुमच्यासोबत तिकडे राहिले तर ते दिवस 730 मध्ये धरतात. सिटिझनशिपचे 1,095 मात्र वेगळे, त्यात हे धरत नाहीत, दोन्हीची गल्लत करू नका.

---

काका, ताई, खूप खूप आभार. मिस्टर पीआरच आहेत, त्यामुळे ते नाही चालणार, पण तारखा मांडल्या आणि 730 च्या बऱ्याच वर आहे मी. उद्या फोटो काढून रिन्यूअल टाकते. बाबांना डिस्चार्ज समरीचा फोटो पाठवायला सांगितलाय.