पश्चिमेच्या भिंतीची ओल: रंग, केमिकल की पत्रे?

खारावारा: मंडळी, रत्नागिरीत एका बंगल्याचं काम बघतोय. पश्चिम बाजू समुद्राकडे उघडी. ९ इंची विटांची भिंत, बाहेरून दोन हातांचा गिलावा, साधारण ६०० चौरस फूट. झड लागली की बीमच्या खाली आडवी ओल धरते, खिडकीच्या कोपऱ्यात पोपडे. मालकांचं बजेट ८० हजार. काय करावं?

ठाणेकर_रंगकाम: इलॅस्टोमेरिक पेंट, म्हणजे रबरासारखा ताणणारा रंग, डोळे झाकून. आमच्या टॉवरला मारला, थेंब आत नाही. मचाण धरून खर्च बराच जाईल, पण पुन्हा बघायला नको.

खारावारा: बजेट ८० हजार आहे हो.

चिरेखाण: कोकणात विटा वापरायच्याच कशाला? जांभ्याचं घर बांधा, आमचं आजोबांपासून उभं आहे.

कोबा_आणि_वाटा: जांभाही पाणी पितोच. तुमच्या आजोबांच्या घराला रुंद पागोळी असणार, ती भिंत वाचवते. बीमखालची आडवी ओल म्हणजे काँक्रीट आणि वीटकामाच्या सांध्याची चीर. दोन्हींचं आकुंचन-प्रसरण वेगळं. चीर व्ही आकारात कापा, पॉलिमर मॉर्टर (पॉलिमर मिसळलेला सिमेंटचा मसाला) भरा, दोन्हीकडे १५० मिमी जाळी येईल असा पट्टा करा.

चिरेखाण: पागोळी आहेच, पण जांभ्याचा चिरा तो चिराच.

डोंबिवली_वेस्ट: आतून वॉटरप्रूफिंगचं केमिकल अजिबात मारू नका. पाणी बाहेरून येतं, आतला थर ते ढकलून पाडतं. आणि रंग मारणार असाल तर भिंत पूर्ण सुकू द्या. आमच्या कंत्राटदाराने गणपतीआधी उरकायचं म्हणून ओल्या भिंतीवर मारला, दिवाळीपर्यंत फुगेच फुगे.

साइटवरची_ताई: आधी पाणी कुठून शिरतंय ते शोधा. पाइपने खालून सुरू करून हळूहळू वर जा, प्रत्येक टप्प्याला थांबून आत बघा. वरून मारलंत तर ओघळ सगळीकडे जातो, काही कळत नाही. स्लायडिंग खिडकीच्या खालच्या ट्रॅकला बाहेरून निचऱ्याची भोकं असतात, ती बघाच. सिलिकॉन लावणारे सर्रास बुजवून टाकतात.

ठाणेकर_रंगकाम: तरी शेवटी इलॅस्टोमेरिकच.

खारावारा: ताई, आभार. भोकं खरंच सिलिकॉनने बंद होती. मोकळी करून पुन्हा पाणी मारलं, कोपरा कोरडा. राहिली बीमची रेघ. चीर भरून घेतोय, पण रंग नाही. मालकांशी बोलून भिंतीवर पत्रे घेतोय, मागे ४० मिमी पोकळी, खाली-वर हवा खेळती. पाऊस पत्र्यावरच झेलला जाईल, आत आलाच तर पोकळीतून खाली उतरेल. मचाण माझंच असल्याने बजेटात बसतंय.

कोबा_आणि_वाटा: दर्शनी भिंतीला पत्रे? शोभा जाईल.

डोंबिवली_वेस्ट: रंगापेक्षा महाग पडणार, लिहून घ्या.

साइटवरची_ताई: घ्या खुशाल. स्क्रू ३१६ ग्रेडच्या स्टेनलेसचे, खाऱ्या हवेत साधे गंजतात. खिडकीच्या डोक्यावर पत्र्याची पट्टी बाहेर वळवा, नाहीतर पोकळीतलं पाणी थेट चौकटीवर. आणि खालच्या तोंडाला जाळी, आत उंदीर शिरतात.