मदत हवी आहे: आई-बाबा दोघांनाही व्हेरिकोज व्हेन्स, मी आतापासून काय करू?

नमस्कार मंडळी. आईच्या पोटऱ्यांवर दोरीसारख्या फुगलेल्या, वेड्यावाकड्या शिरा आहेत. घोट्याच्या आतल्या बाजूची कातडी काळवंडलीय, तिथली जखम कित्येक महिने भरत नव्हती. बाबांचं आयुष्य दुकानात उभ्याने गेलं, त्यांच्याही पायांची तीच गत. मी शाळेत शिकवते, पाचवा महिना सुरू आहे. गुडघ्यामागे निळसर जाळं दिसायला लागलंय आणि संध्याकाळी पाय इतके जड होतात की उशीवर ठेवल्याशिवाय चैन पडत नाही.

१९९४ च्या एका फ्रेंच अभ्यासात आई-वडील दोघांनाही त्रास असेल तर मुलांना धोका ९० टक्के आढळला. एकालाच असेल तर मुलींना ६२ आणि मुलग्यांना २५, कोणालाच नसेल तरी २०. अभ्यास लहान होता, १३४ कुटुंबांचा, पण आकडा वाचून धास्ती वाटली. शिरांमधल्या, रक्त उलटं खाली येऊ न देणाऱ्या झडपा कमकुवत असणं आनुवंशिक असू शकतं, त्यात गरोदरपण आणि तासन्‌तास उभं राहणं, म्हणजे माझ्याकडे सगळंच जमलंय.

दोन्ही बाजूंनी वारसा असलेल्या कुणी गरोदरपणात कॉम्प्रेशन स्टॉकिंग्ज (पाय आवळून धरणारे घट्ट मोजे) वापरलेत का? उन्हाळ्यात दिवसभर निभतात का? बाळंतपणानंतर जाळं कमी झालं का? डॉपलर (शिरांमधला रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) आताच करावी की नंतर? माझ्या डॉक्टरांना विचारणारच आहे, पण व्हॅस्क्युलर सर्जनकडे (रक्तवाहिन्यांच्या तज्ज्ञाकडे) कधी जावं, हे जाणकारांनी जरूर सांगा. आणि धाकट्या बहिणीने आत्तापासून काय जपावं?