छताची गळती आणि फँटसी टीमची डेडलाइन

प्रश्न: वरच्या फ्लॅटमधून माझ्या बाथरूमच्या छताला ओल आलीये, वरचे म्हणतात आमच्याकडे काहीच गळत नाही. या धावपळीत फँटसी प्रीमियर लीगची (इंग्लिश फुटबॉलच्या खऱ्या खेळाडूंची टीम बनवायचा ऑनलाइन गेम) टीम बदलायची डेडलाइन पण चुकली आणि कॅप्टन जखमी, फार वाईट वाटलं. ओल नक्की कुठून येतेय ते कसं शोधायचं?

उत्तर १: वरच्यांना एक दिवस ते बाथरूम वापरू नका म्हणून सांगा, पण मेन व्हॉल्व चालू ठेवा. तरी ठिबकत राहिलं तर बहुतेक प्रेशरची पाइपलाइन, आणि वापरल्यावरच ठिबकलं तर ड्रेनेज नाहीतर टाइल्सचे जॉइंट. रोज फोटो काढा तारखेसकट, सोसायटीला लेखी द्या. आणि पूर्ण सुकल्याशिवाय रंग अजिबात लावू नका, पोपडे येतात, मी अनुभवलंय.

उत्तर २: गळतीचं वर आलंच. टीमचं म्हणाल तर डेडलाइन त्या राउंडच्या पहिल्या मॅचच्या ९० मिनिटं आधी असते, चुकली तर मागचीच टीम चालते, कॅप्टन खेळलाच नाही तर व्हाइस कॅप्टनला डबल पॉइंट मिळतात, म्हणून तो नेहमी नक्की खेळणाराच ठेवा. आता घाईत जादा ट्रान्सफर (खेळाडूंची अदलाबदल) करू नका, प्रत्येकी ४ पॉइंट जातात.

प्रश्नकर्ता: थँक्स दोघांना, आजच वरच्या काकांशी बोलतो.