जुन्या गाडीत जादा मीटर: गरज की नासधूस?

काटेवाला
"ज्याला इंजिनाचा आवाज कळतो त्याला मीटर लागत नाहीत. डॅशबोर्डवर जादा मीटर आणि स्विच बसवणारे जुन्या गाडीची वाट लावतात," असं परवा मूळरूप यांनी लिहिलं. डोकंच फिरलं. ऑइलचा लाल दिवा पेटतो तो प्रेशर साधारण ५-७ पीएसआयवर (दाबाचं एकक) उतरल्यावर. आयडलिंगला, म्हणजे गाडी उभी आणि इंजिन नुसतं चालू असताना, तेवढं चालून जातं. भर वेगात दिवा लागला म्हणजे बेअरिंगचा निकाल लागलाच. आणि आवाज म्हणाल, तर बेअरिंग वाजायला लागल्यावर तो ऐकून उपयोग काय? काटा आधीच बोलतो: रस्ता तोच, वेग तोच, आणि प्रेशर मात्र नेहमीपेक्षा कमी. १९५९च्या मूळ मिनी या छोट्या ब्रिटिश गाडीत मधोमध एकच मोठा डायल होता. १९६१ला तिचीच वेगवान आवृत्ती कूपर आली तेव्हा स्पीडोमीटरच्या दोन्ही बाजूंना ऑइल प्रेशर आणि टेंपरेचर कंपनीनेच दिलं. उगीच दिलं का?

मूळरूप
कंपनीने दिलं, मालकाने ड्रिल मारून नव्हे! मी घेतलेल्या गाडीच्या लाकडी डॅशला आधीच्या मालकाने भोकं पाडलेली. एक फॉग लॅम्पचं, एक पंख्याचं, आणि एक स्विच कशाचा होता ते आजतागायत कळलं नाही; मागे वायर नुसती कापून सोडलेली. भोकाच्या कडेने व्हिनियर, म्हणजे वरचा पातळ लाकडी थर, उचकटलंय. नवा तुकडा लावला तर रेषा जुळत नाहीत, पूर्ण फळीच बदलली तर मूळ लाकूड जातं. हे रोज डोळ्यांसमोर असतं माझ्या.

फ्यूज_आधी
भोकांवरून भांडताय, पण मागची वायरिंग बघितलीय का कुणी? वायर सोलायची, पिळायची, वर टेप गुंडाळायचा. उन्हात गोंद सुटतो आणि उघडी तार पत्र्याला टेकते. ५५ वॉटचे दोन हेडलॅम्प म्हणजे ९ अँपिअरच्या आसपास. तो सगळा भार जुन्या स्विचवर कशाला? रिले लावा, म्हणजे थोड्या करंटवर चालणारा आणि मोठा भार उचलणारा स्विच; मूळ स्विच फक्त रिलेला चालवेल. आणि करंट मोजणारा ॲमीटर तर मुळीच बसवू नका. व्होल्टेज मोजणारा व्होल्टमीटर बसवा.

डायनॅमोप्रेमी
झालं सुरू! ॲमीटर चार्जिंग होतंय की बॅटरी रिकामी होतेय ते थेट दाखवतो. बॅटरी चार्ज करणारा जुना डायनॅमो २२ अँपिअरचा, मीटर ३०-०-३०चा (मधे शून्य, दोन्हीकडे ३० अँपिअरपर्यंत), कुठे अडतं?

फ्यूज_आधी
डायनॅमो काढून जास्त करंट देणारा आल्टरनेटर बसवला की अडतं. स्टार्टर सोडला तर गाडीचा जवळजवळ सगळा करंट जाड वायरीने डॅशच्या मागे येतो, मीटरमधून जातो आणि परत फिरतो. बहुतेक गाड्यांत त्या वायरीला फ्यूजच नसतो. मीटरचा नट सैल पडला की तिथेच तापतं. व्होल्टमीटरला इग्निशनवरून बारीक वायर आणि छोटा फ्यूज पुरतो.

डायनॅमोप्रेमी
नट आवळता येत नाही त्याने गाडीला हात लावू नये. तुमचा व्होल्टमीटर १४ दाखवणार, पण भार किती पडतोय ते सांगणार का? वडिलांच्या गाडीत तोच ॲमीटर होता, आजही आहे, कधी तापला नाही. इंजिन बंद असताना काहीतरी चालू राहिलं तर काटा लगेच डिस्चार्जकडे जातो.

फ्यूज_आधी
वडिलांची गाडी हा पुरावा झाला का? ३० अँपिअरच्या पट्टीवर अर्ध्या अँपिअरची गळती दिसतच नाही, आणि तेवढ्यानेच आठवड्याच्या आत बॅटरी बसते. उभ्या गाडीत व्होल्टमीटर १२.६ ऐवजी १२च्या खाली दिसला की समजायचं.

डायनॅमोप्रेमी
मला शिकवू नका. डायनॅमो आहे तोवर माझा ॲमीटर राहणार. आल्टरनेटरवाल्यांनी काढावा, तिथे तुमचं म्हणणं मान्य. तेवढंच.

काटेवाला
अहो, ऑइल प्रेशर राहिलं बाजूला! मूळरूप, भोक न पाडताही जमतं. डॅशच्या खालच्या कडेला ब्रॅकेट लावा, बहुतेक वेळा आधीचेच स्क्रू चालतात. ५२ मिलिमीटरचे दोन-तीन मीटर बसतात. इंजिनाला टी-जोड द्या, म्हणजे एकाच जागी मीटर आणि दिव्याचा स्विच दोन्ही बसतात आणि लाल दिवाही राहतो. उद्या काढलं तर खूण उरत नाही.

मूळरूप
त्या ब्रॅकेटला गुडघा आपटतो आणि दिसतं भयानक. शिवाय मेकॅनिकल मीटर म्हणजे गरम ऑइलची नळी थेट पायांशी आणायची. तांब्याची असली तर थरथरीने कडक होऊन चिरते.

काटेवाला
म्हणून इंजिनाच्या बाजूला लवचीक होज घालायचा आणि नळी पत्र्यातून जाते तिथे रबरी ग्रोमेट (भोकाच्या कडेला बसवायची रिंग). भीती वाटत असेल तर इलेक्ट्रिक सेंडर, म्हणजे इंजिनावरच दाब मोजून विजेने मीटरला कळवणारा भाग, लावा; मग आत फक्त वायर येते.

फ्यूज_आधी
त्याआधी गाडी पॉझिटिव्ह अर्थ आहे का, म्हणजे बॅटरीचं प्लस टोक बॉडीला जोडलंय का, बघा. साठच्या दशकातल्या कित्येक ब्रिटिश गाड्या तशाच आहेत. आजचा इलेक्ट्रॉनिक टॅकोमीटर (इंजिनाचे फेरे दाखवणारा मीटर) उलटा जोडला की गेला.

मूळरूप
ब्रॅकेट आणि इलेक्ट्रिक सेंडर, एवढ्याला माझी हरकत नाही. नाइलाजाने म्हणतोय. पण लाकडाला ड्रिल लावलेला फोटो टाकलात, तर मी परत लिहीन, आणि याहून मोठं लिहीन.