मदत हवी आहे: लिफ्ट बॅग की सॉसेज, रील की स्पूल?

नमस्कार मंडळी. मालवण आणि नेत्राणी मिळून माझे चाळीसेक स्कूबा डाइव्ह झालेत, जानेवारीत अंदमानात हॅवलॉकला जातोय. आजवर बोटीला आपली जागा कळावी म्हणून पाण्याखालून दोरीला बांधून वर फुगा सोडायचं काम डाइव्हमास्टरच करायचे. पण नेत्राणीला गेल्या खेपेस प्रवाहात गटापासून बाजूला पडलो, वर आलो तर बोटवाल्याला मी दिसेचना. लाटांत नुसतं डोकं म्हणजे तरंगता नारळच! तेव्हा आता स्वतःचं सामान घ्यायचंय.

दुकानदार २५ किलो उचलणारी लिफ्ट बॅग गळ्यात मारू पाहतोय. माझ्या मते ती नांगरबिंगर उचलायला ठीक. मला उभा राहणारा, लांबून दिसणारा नारिंगी सॉसेज, म्हणजे लांबट नळीसारखा खुणेचा फुगा हवा. १.२ मीटर उंची पुरेल की १.८ च घ्यावा? उंच सॉसेजला हवाही जास्त लागते. १० मीटरवर भरलेली हवा वर पोचेपर्यंत दुप्पट होते, म्हणून जास्तीची हवा सोडणारा व्हॉल्व्ह हवाच, आणि तळ बंद असलेला बरा, असं वाटतं. तोंडाने फुगवणं सोपं की ऑक्टोपसने (श्वास घ्यायच्या जादाच्या रेग्युलेटरने)?

खरी अडचण फुग्याच्या दोरीची. खटक्याचं रील गुंडाळायला सोपं, पण सोडताना अडकलं तर आपणही फुग्याबरोबर वर, ही धास्ती आहे. साधा ३० मीटरचा स्पूल (खटका-मूठ नसलेली, हाताने गुंडाळायची रिळासारखी चकती) हातमोज्यांनी नीट हाताळता येतो का? वर येताना सुरक्षेसाठी ५ मीटरवर तीन मिनिटं थांबताना दोरी ताणलेली कशी ठेवता? ज्यांनी दोन्ही वापरलंय त्यांनी जरूर सांगा. बजेट सात-आठ हजार.