गँग ऑफ फोरची एलपी: एका स्पीकरमधून गाणं, दुसऱ्यातून बोलणं. रेकॉर्ड खराब आहे का?

पोळपाट: मंडळी, जरा मदत करा. लीड्समध्ये राहून तीन वर्षं झाली, पण इथल्याच गँग ऑफ फोर या बँडची १९७९ची 'एंटरटेनमेंट!' परवा कुठे हाती लागली. जुनी प्रत, लाल कव्हर, आतलं छापील पाकीटही शाबूत. दोन दिवस दुसरं काही लावलेलं नाही.

घर लहान आहे. एक स्पीकर पुस्तकांच्या फळीवर, दुसरा स्वयंपाकघराच्या दाराशी. काल पोळ्या लाटताना शेवटचं गाणं, 'अँथ्रॅक्स', लागलं. आधी बराच वेळ गिटारचं नुसतं घुमणं आणि किंचाळणं, मग ड्रम. आणि मग दाराशी कुणीतरी शांतपणे बोलायला लागलं! पिठाच्या हातांनी बाहेरच्या खोलीत गेले, तर तिथे गाणं चाललेलं. मधे उभं राहिलं तर धड एकही कळेना. आधीच्या अकरा गाण्यांत असं काही नाही.

सुई बदलू की रेकॉर्ड परत करू? परत करायचं अगदी जिवावर आलंय.

खरखर: ताई, परत करू नका, ते मुद्दाम तसंच केलंय! बँडचा गायक जॉन किंग गातोय: प्रेम म्हणजे अँथ्रॅक्स, गुरांना होणारा रोग, आणि आपण पाठीवर उलटे पडलेले किडे. त्याच वेळी दुसऱ्या बाजूला गिटारवाला अँडी गिल सरळ आवाजात विचारतोय की सगळे बँड सारखी प्रेमाचीच गाणी का म्हणतात. प्रेमात वाईट काही नाही, पण दोन माणसांमधल्या गोष्टीभोवती एवढं गूढ कशाला, असं त्याचं म्हणणं.

खात्री करायची तर अँपचं बॅलन्सचं बटण आधी पूर्ण डावीकडे, मग पूर्ण उजवीकडे फिरवा. दोन्ही आवाज वेगवेगळे स्वच्छ आले तर सुई ठणठणीत आहे.

कव्हरही नीट बघा. काउबॉय आणि रेड इंडियन हात मिळवतायत, तेच चित्र तीनदा. शेजारच्या मजकुरात इंडियनला तो मित्र वाटतो, आणि काउबॉय खूश, कारण आता याला लुबाडता येईल.

रात्रपाळी: रेकॉर्ड मलाही आवडते, पण एक खटकतं. यांची पहिली ईपी (छोटी रेकॉर्ड) एडिंबराच्या फास्ट प्रॉडक्ट या छोट्या रेकॉर्ड कंपनीची, आणि लगेच ही ईएमआय या बड्या रेकॉर्ड कंपनीकडे? भांडवलशाहीवर गाणी लिहायची आणि सही तिथे करायची?

खरखर: प्रश्न रास्त आहे. पण त्याच वर्षी बीबीसीच्या 'टॉप ऑफ द पॉप्स' या टीव्हीवरच्या गाण्यांच्या कार्यक्रमात काय झालं तेही धरा. 'ॲट होम ही'ज अ टूरिस्ट' या गाण्यात निरोधासाठीचा बोली शब्द होता, तो बीबीसीला नको होता. बँडने 'पाकिटं' असा बदल सुचवला, बीबीसीला 'कचरा' हवा होता. शेवटी हे न गाताच निघून गेले. एवढी मोठी संधी एका शब्दासाठी सोडणाऱ्यांना मी विकले गेलेले म्हणणार नाही.

पोळपाट: बटण फिरवून पाहिलं. दोन्ही आवाज लख्ख! फक्त गिलच्या बाजूने गाणं तीनदा ऐकलं. एवढ्या गोंगाटात तो एकदाही आवाज चढवत नाही, ते फार भिडलं. २०२०मध्ये तो गेला तेव्हा मला या बँडचं नावही माहीत नव्हतं, याची आज चुटपुट लागली.

स्पीकर आहेत तिथेच राहू देणार आहे. दाराशी गिल, फळीवर किंग.